कुंपणाच्या आतलं गवत

सिस्टर, तुम्ही मला अर्धंच शिकवलंत आणि त्या अर्ध्यावर मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, अशी या पत्राची सुरुवात करणार होते. मग आठवलं की तुम्ही पूर्ण शिकवलं होतंत. मीच अर्ध्यावर वही मिटली, कारण उरलेलं परीक्षेला नव्हतं. म्हणजे तुमच्याशी भांडायलाही जागा उरली नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो आहे. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली असतील. केरळात, तुमच्या गावी तुम्हाला पुरलं, असं मला कुणाकडून तरी दोन महिन्यांनी कळलं. मराठी तुम्हाला वाचता येत नव्हतं. गोंदियाच्या बाजारात भाजीवालीशी भांडण्यापुरतं बोलता येत होतं, आणि तेवढं फार चांगलं येत होतं. म्हणून हे मी मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही तिथूनही लाल शाईच्या खुणा कराल.

परवा पंधरा ऑगस्टला आमच्या गावात ग्रामसभा झाली. गाव म्हणजे माझं सासर, अर्जुनी मोरगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर. नोकरी संपली, नवरा गेला, तेव्हा गोंदियाचं घर मुलाच्या हवाली करून मी इथे येऊन राहिले. गावामागे तलाव आहे. तलावाच्या पाळीपलीकडे एक उतार चढत जातो. त्यावर गवत, बोरी, बाभळी, कडेला मोहाची काही झाडं आणि अगदी वर दोन बेहडे. चार वर्षांपूर्वी या उताराला काटेरी तारेचं कुंपण पडलं ते माझ्यामुळे. त्या कुंपणापायी एका बाईच्या शेळ्या गेल्या, आणि पुढे माझ्या तोंडामुळे तिचं नावही गेलं. परवाच्या सभेत कुंपण ठेवायचं की काढायचं ते ठरायचं होतं. काय ठरलं ते सांगते. पण तुम्ही नेहमी म्हणायचात तसं, पायरी गाळून उत्तर लिहिणार नाही.

तो जबडा आठवतो तुम्हाला? मी नववीत होते. बोर्डिंगच्या मुलींचा भात ज्या पातेल्यात शिजायचा, त्यात तुम्ही धुण्याचा सोडा घालून बैलाचा जबडा उकळायला ठेवला होता. मेलेली ढोरं टाकायची जागा गावाबाहेर होती; तिथून तो तुम्ही स्वतः, पांढऱ्या झग्यानिशी, सायकलच्या हँडलला पिशवी लटकवून आणला होता. स्वयंपाकीणबाईनं झाकण उघडलं आणि ती अशी ओरडली की आम्ही वर्गातून धावत खाली आलो. "आता ह्या गंजात मी भात रांधू? माह्या हातचं कोन खाईन?" तुम्ही वाफेत डोकं घालून म्हणालात, "चिल्लाओ मत. पानी कम हो गया है, थोड़ा डालो." ती पाणी कशाची घालते? पदर खोचला आणि निघून गेली. पुढचे आठ दिवस स्वयंपाक तुम्ही केलात. ती डाळ मी अजून विसरलेले नाही. हे मी कौतुकानं म्हणत नाही.

जबडा वाळल्यावर तुम्ही तो बाकाबाकावरून फिरवलात. "हात फिराओ, डरो मत, वो मर चुका है." दाढांवर कंगोरे होते, नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखे. तुम्ही फळ्यावर गवताचं एक पान काढलंत आणि सांगितलंत की गवत मातीतून वाळूसारखं काहीतरी शोषून अंगात भरून घेतं, आपल्याला खाणाऱ्याचे दात झिजावेत म्हणून. मग खाणाऱ्यांनी उंच दाढा काढल्या, आयुष्यभर झिजल्या तरी संपू नयेत म्हणून. मग गवतानं वाढायची जागा शेंड्यावरून उचलून बुडाशी, मातीलगत नेली. वरचं खुशाल खा. "हज़ारों-लाखों साल से यही चल रहा है," तुम्ही म्हणालात. "घास ने ये दाँत बनाया, इस दाँत ने वो घास बनायी. पति-पत्नी जैसा. झगड़ा भी, गुज़ारा भी." एका ननच्या तोंडून नवराबायको ऐकून सगळा वर्ग खिदळला. मीही खिदळले. वहीत फक्त दाढेची आकृती काढली, कारण ती पाच मार्कांना यायची.

आकृत्या मी सुंदर काढायचे. त्याच वर्षी तुम्ही आम्हाला शाळेमागच्या बाभळीखाली बसवून फांदी काढायला सांगितली. मी काढलेली फांदी पाहून शेजारची मुलगी रडकुंडीला आली होती. तुम्ही वही हातात घेतलीत, झाडाकडे पाहिलंत, वहीकडे पाहिलंत आणि विचारलंत, "ये कौन सा पेड़ है?" मी म्हटलं, हेच. "झूठ," तुम्ही म्हणालात, सगळ्यांसमोर. "नीचे की हर डाली बकरी ने खायी है. तुम्हारी डाली किसी ने नहीं खायी. ऐसा पेड़ कहाँ देखा?" मग तुम्ही मला हाताला धरून उठवलंत आणि खालची फांदी चाचपायला लावलीत. तिचे शेंडे खुडलेले होते, आणि खुडलेल्या जागेखालून बोटभर लांबीचे काटे निघाले होते. वर, शेळीचं तोंड पोचत नाही तिथल्या फांदीला नावापुरते काटे होते. तुम्हाला म्हणायचं होतं की ते काटे शेळीनं काढायला लावलेत. माझ्या बोटातून रक्त आलं, मला दहापैकी तीन मिळाले, आणि मी महिनाभर तुमच्याशी गरजेपुरतंच बोलले. शाळा सोडताना तुम्ही तो जबडा मला वर्तमानपत्रात गुंडाळून भेट दिलात. आईनं तो घरात येऊ दिला नाही. गोठ्याच्या वळचणीला तो कितीतरी वर्षं पडून होता, मग एका पावसाळ्यात कुठे गेला ते मी विचारलंही नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. इथे राहायला आले तेव्हा तो उतार मी डोळे भरून पाहिला आणि मला धक्का बसला. तलावाच्या कडेनं बेशरमाची झुडपं माजलेली, वाटेनं तरोटा म्हणजे टाकळा, मधे गवत टाचेएवढं, त्यात शेळ्या, म्हशी, गाई, सकाळी वरून उतरणारे चितळसुद्धा. मी लगेच निदान केलं. चांगलं होतं ते जनावरांनी खाल्लं, वाईट होतं ते उरलं. यात अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याइतकं मला जन्मात काही आवडलेलं नाही. गावात जैवविविधतेची समिती होती, म्हणजे कागदावर होती. सरपंच मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच अध्यक्ष व्हा, आमच्यात शिकलेलं कोण आहे?" झाले. एका योजनेतून तार आली, खांब आले. फाटकावर पाटी लागली, "चराईस सक्त मनाई." अक्षर माझं. कॉन्व्हेंटचं अक्षर आहे, दुरूनही छान दिसतं.

म्हशीवाल्यांनी कुरकुर केली आणि म्हशी दुसरीकडे वळवल्या. त्यांच्याकडे शेतं होती, धान निघाल्यावर पेंढ्याची तणस होती. शेळ्यांवाल्या बाईकडे काही नव्हतं. ती आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते, माझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल. नवरा फार पूर्वी गेला. सगळं घर शेळ्यांवर. पाटी लागली त्या सकाळी ती कळप घेऊन फाटकाशी उभी होती.

"म्याडम, माह्या बकऱ्या कोठी नेऊ?"

"रस्त्याच्या कडेला एवढं हिरवं आहे, तिकडे न्या."

"तो तरोटा हाये. तरोट्याची भाजी तुमी खा. बकरी नाई खात."

मागे उभी असलेली माणसं हसली. मी म्हटलं, पाच वर्षांत बघा, इथे जंगल उभं राहील.

"बाभूर उगवीन कोन?" तिनं विचारलं. "तुमी?"

मला तो उद्धटपणा वाटला. तो प्रश्न होता, सिस्टर, सरळ प्रश्न होता, आणि तुमच्या वर्गात बसलेल्या बाईला त्याचं उत्तर यायला हवं होतं. मी त्या पावसाळ्यात शाळेच्या पोरांना रांगेत नेऊन कुंपणाच्या आत बाभळीचं बी टोचलं. शेंगा फोडून, स्वच्छ, निवडलेलं बी. भाषण केलं, फोटो काढले. उगवली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही नंतर गवतात गुदमरली. आणि त्या बाईच्या शेळ्यांच्या कोठ्यामागे, लेंड्यांच्या ढिगात, बाभळी नुसत्या तरारल्या होत्या. उन्हाळ्यात शेळ्या शेंगा खातात, रात्रभर रवंथ करतात, आणि टणक बी कोठ्यात टाकून देतात. काही तोंडातून, काही पोटातून फिरून, कवच मऊ झालेलं. या भागात मृगाच्या आधी शेतकरी तिच्याकडे टोपल्या घेऊन यायचे, तो केर न्यायचे आणि धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फेकायचे. आमच्या सगळ्या धुऱ्यांवरच्या बाभळी अशाच लागलेल्या आहेत. कुणी रोप लावलं नाही, कुणी खड्डा खणला नाही. मी एकोणतीस वर्षं 'बीजप्रसार' शिकवला. फळ्यावर बाण काढून शिकवला. धुऱ्यावरची बाभूळ शेळीच्या पोटातून आली आहे हे मला कधी सुचलं नाही.

पहिल्या वर्षी गवत गुडघ्याएवढं झालं आणि मी गावभर मान ताठ करून फिरले. दुसऱ्या वर्षी ते छातीला लागलं. जुनं कुजलं नाही, वाळून वरच राहिलं, आणि त्याच्याखाली नवं फिकट, उजेडाला तोंड वासून. पावसाळ्यात तिथे लहान लहान फुलं यायची, जांभळी, पिवळी, नखाएवढी. ती गेली. बेहड्याखाली चितळ यायचे ते येईनासे झाले. समोर काय दडलंय ते दिसत नाही अशा गवतात हरीण कशाला तोंड घालेल? कोपऱ्यातून रायमुनिया, म्हणजे घाणेरी, शिरली. तिची पानं कुणी खात नाही, आणि गुरांच्या पायाखाली तिची रोपं जी मोडायची, तीही आता मोडेनात. मी ते सगळं वहीत लिहून ठेवत होते, सिस्टर. तारीख घालून, आकृतीसह. पाहत होते, लिहीत होते आणि पाटी तशीच ठेवत होते. तेवढ्या काळात ती बाई शेळ्या विकत होती. एक पोळ्याला, दोन दिवाळीला, मग एकदम चार. आमच्या अंगणासमोरूनच खाटकाची गाडी जायची. मी पेपर वाचत असायचे.

यंदा मोहाच्या दिवसांत आग लागली. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करायची आणि पहाटे पडलेली फुलं वेचायची, हे इथे सगळेच करतात. पूर्वी ती आग आखूड गवतात चार हातांवर विझून जायची, कुणी मान वळवूनही बघत नसे. या वेळी ती माझ्या तीन वर्षांच्या वाळक्या गवताला लागली. मी पाळीवर पोचले तोवर अर्धा उतार काळा झाला होता. वर बेहड्यापर्यंत ज्वाळा, आणि असा आवाज, जसं कुणी नवं कापड टराटरा फाडतंय. माणसं पळसाच्या फांद्यांनी आग झोडपत होती. ती बाई सगळ्यात पुढे होती. मी ते पाहिलं. पाहूनही, आग विझल्यावर, वीस माणसांसमोर मी तिच्याकडे बोट केलं. म्हटलं, "हिनंच लावली. शेळ्यांचा सूड."

तिच्या लुगड्याचा काठ जळाला होता, हातात जळकी फांदी. ती म्हणाली, "लावाची असती त पयल्याच साली लावली असती म्याडम. पर तवा जराले होतं काय? बकऱ्या खाऊन टाकत होत्या."

सिस्टर, या एका वाक्यात तुमचा सगळा तास होता. मला पुढच्या क्षणी कळलं की ही बरोबर बोलते आहे, शास्त्र म्हणून बरोबर. तिला काय लागलं असेल ते त्या क्षणी माझ्या ध्यानातही आलं नाही. मी घरी गेले आणि वहीत 'इंधनाचा साठा' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. अशी मी. तुम्ही घडवलेली म्हणणार नाही, उगाच तुमच्या माथी कशाला!

त्यानंतर मी गावातल्या म्हाताऱ्या गुराख्यांशी बोलले. म्हणजे बोलायला सुरुवात केली, दर वेळी ते म्हणायचे, "तिले विचारा ना, तिले ठावं हाये." शेवटी तिच्याकडे गेले. माफी मागायला गेले नाही, माहिती घ्यायला गेले, वही घेऊन. तिनं मला बसायला पोतं टाकलं आणि सांगितलं. पूर्वी पोळ्यापर्यंत उताराची वरची बाजू कुणी शिवत नसे, गवताला बी धरू द्यायचे. पोळ्यानंतर वर चढायचे आणि खालची बाजू सोडून द्यायचे. तलाव आटला की सगळी ढोरं तलावाच्या पोटात. हे कुणी लिहिलेलं नव्हतं, पण जो मोडेल त्याला बाकीचे सळो की पळो करायचे. "मंग काऊन मोडलं?" मी तिच्याच बोलीत विचारलं. ती म्हणाली, जुने बरेचसे गुराखी मेले, नव्यांनी कुणाचं ऐकलं नाही, सगळे बाराही महिने सगळीकडं घुसले. "तवा तुमी आले अना तार लावली. तुमाले वाटलं बकरीच खराब हाये." आणि मग, माझ्या वहीकडे पाहत, "लिवलं का नीट?"

लिहिलं. नीट लिहिलं. परवा ग्रामसभेत मी उभी राहिले. मोठ्या कागदावर उताराचा नकाशा, वरची बाजू हिरवी, खालची पिवळी, महिने घालून. मी सांगितलं की अलीकडच्या अभ्यासातून असं दिसतं की चराई पूर्ण बंद करणं अपायकारक आहे, आळीपाळीनं चराई ही शास्त्रीय पद्धत आहे, सबब कुंपण काढावं. "अलीकडचा अभ्यास" म्हणजे पोत्यावर बसून केलेला. तेवढं मी सांगितलं नाही. चूक झाली, असंही म्हटलं नाही. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. ठराव झाला, कुंपण येत्या आठवड्यात निघेल. ती बाई बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली होती. तिथून ओरडून म्हणाली, "म्याडम, माह्यापाशी तीन बकऱ्या उरल्या. तीन बकऱ्या येवढं कवा खातीन? तुमीबी या चराले." सगळी सभा हसली, मीही हसले. तिला राग नव्हता, निदान आवाजात नव्हता.

मग मागून एकानं म्हटलं, "तार काढा, पर इले काडीपेटी देऊ नका." पुन्हा हसू. या वेळी ती हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. गावातल्या निम्म्या माणसांना अजून वाटतं की आग तिनं लावली, कारण मी तसं म्हटलं होतं, आणि मी शिकलेली आहे. तिच्या नातीचं लग्न सौंदडला ठरत होतं, ते पुढे सरकत नाही. तिकडच्यांनी कुणाकडून तरी विचारून घेतलं म्हणे, आजी अशी आहे का. सभेत मी काही बोलेन म्हणून ती थांबली असावी. मी नकाशाची गुंडाळी करत होते. फार वेळ करत होते. मग राष्ट्रगीत झालं.

आता तुम्ही विचाराल, आग लावली कुणी, तुला माहीत आहे का. ती आमच्या मोहाखालून निघाली, सिस्टर. माझ्या पुतण्याच्या बायकोनं पाला पेटवला आणि चहा प्यायला घरी आली. आठ दिवसांनी तिनं मला स्वयंपाकघरात रडत रडत सांगितलं, आणि मी तिला म्हटलं, गप्प बस, कुणाला बोलू नकोस. तिच्यासाठी म्हटलं असं मी स्वतःला सांगत आले. तिच्यासाठी नव्हतं. एप्रिलपासून आज ऑगस्ट आहे. हा कागद टाकायला पत्ता नाही आणि शोधायची इच्छाही नाही. दोन गल्ल्या चालत जाऊन बोलायचं ते मी इतकी पानं भरून तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावात राहत नाही.